सूपला कान

स्तारा हुता, ९ ऑक्टोबर १९८३

प्रिय ओटिलिया मावशी,

कॉलेज का सोडलं, असं तू विचारलंस. बाबांनी तुला काय कळवलं असेल ते मला पाठ आहे. पोरगा फुकट गेला, क्राकूव्हच्या खाणकाम कॉलेजातली जागा लाथाडली, आता काचकारखान्यात बरण्या पेंढ्यात गुंडाळत बसतो. खरं आहे सगळं. प्राध्यापकांच्या टेबलावर टोपी आपटून आलो तेही खरं. पण ते निमित्त. खरं कारण सेलिना. आई गेल्यापासून असलं काही सांगायला तुझ्याशिवाय कोण आहे मला?

सेलिनाला तू पाहिलेलं नाहीस. ती हसते तेव्हा आधी डावी भुवई वर जाते, मग हसू येतं. त्या मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागतो. आधी ती शाळेच्या ग्रंथालयात होती. भावाच्या भानगडीमुळे तिला काढलं. आता सिस्टर बेनिग्नाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलते.

सिस्टर बेनिग्ना म्हणजे आमच्या गावातलं मोठं प्रस्थ. चर्चमागच्या जुन्या दारूभट्टीत रोज दुपारी एकशेचाळीस माणसांना सूप घालते. पेन्शनीत न भागणाऱ्या म्हाताऱ्या, दारुडे, तुरुंगात गेलेल्यांच्या बायका, सगळे तिच्या रांगेत. बाई एवढीशी, पायात पुरुषी बूट, अंगाला कांद्याचा वास. लोक तिला संतीण म्हणतात. मला ती आवडत नाही. माझ्याशी बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. जसा काही मी चमचे चोरायला आलोय. आणि सेलिनाला संध्याकाळपर्यंत सोडत नाही. आधी काम, मग प्रार्थना, मग म्हणे "जरा बोलायचं होतं". एवढं काय बोलायचं असतं गं? पोरीला मठात ओढायचा डाव आहे. मी सांगून ठेवतो, तो मी उधळणार.

पण मावशी, सेलिनाचा माझ्यावर विश्वास आहे, आणि त्याचा पुरावा आहे माझ्याकडे. आता लिहितो ते वाचून कागद चुलीत टाक. गेल्या वर्षी हे लिहिलंच नसतं. पण आता पाकिटांवर 'तपासले'चा शिक्का येत नाही, टपाल उघडून वाचायचा सरकारचा धंदा बंद झाला. तर तिचा भाऊ रोमान, ज्याला पोलिस बंदीची पत्रकं छापण्यावरून शोधताहेत, तो इथेच आहे! दारूभट्टीच्या मागे मेणाची खोली आहे. थडग्यांवरच्या जळक्या मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करून सिस्टर तिथे गरिबांसाठी नव्या ओतते. त्या खोलीच्या माळ्यावर तो राहतो. हे फक्त तिघांना माहीत आहे: सेलिना, सिस्टर आणि मी. तिसरा मी, मावशी! मी मनात त्याला राणी माशी म्हणतो. मेणात बसून राहते आणि बाकीच्यांनी आणून भरवायचं. सेलिनाला हे सांगितलेलं नाही, तिला राग येईल. फक्त तुला.

तुझाच,
कायतुश


मोर्स्का, समुद्रकाठ, १८ ऑक्टोबर

लाडक्या कायतुश,

चार कागदांत सेलिनाचं नाव सहा वेळा. एकतीस वर्षं टपाल कचेरीत काढली, रिटायर झाले तरी मोजायची खोड जात नाही. ती तुला काय म्हणते ते मात्र एकदाही लिहिलेलं नाहीस. तिला विचारलंयस तरी का, की भुवईवरच भागतंय?

कॉलेजचं मी काही बोलत नाही. तुझी आई असती तर तुझे कान उपटले असते. माझे हात पोचत नाहीत.

तुझ्या त्या सिस्टर बेनिग्नाला मी ओळखते. तेव्हा ती ब्रोन्या होती. आम्ही एका बाकावर बसलेल्या. माणूस ओळखायला ती हातांकडेच बघायची, तेव्हापासून. तिच्याबद्दल जास्त विचारू नकोस. एवढंच सांगते, तिच्याजवळ सांगितलेली गोष्ट तिच्याजवळच राहते असं समजू नकोस. आणि मुलगी गमवायची नसेल तर जागा राहा.

तुझं पाकीट हातात घेऊन बराच वेळ बसले होते. नऊ दिवस लागले पोचायला. असो.

यापुढे टपालाने पाठवू नकोस. तिकिटं महाग झालीत. आमचा शेजारी अलोयझी मालगाडीतल्या हेरिंग माशांच्या वाघिणीबरोबर गार्ड म्हणून तिकडे येतो, तुमच्या स्टेशनात वाघीण रिकामी होईस्तोवर थांबतो. त्याच्याजवळ देत जा. पत्राला मासळीचा वास येईल, नाक मुरडू नकोस.

कागद चुलीत टाकले.

तुझी,
ओटिलिया मावशी


स्तारा हुता, ६ नोव्हेंबर

मावशी,

रोमानला नेलं.

गेल्या रविवारी, सकाळी आठला. सगळं गाव स्मशानदिवसासाठी, थडग्यांवर लावायच्या मेणबत्त्या घ्यायला दारूभट्टीपुढे उभं होतं आणि सहा पोलिस सरळ मेणाच्या खोलीत शिरले. इकडेतिकडे बघणं नाही, विचारणं नाही. दोन पावलांत शिडी, शिडीवरून माळा. जणू कुणी नकाशा काढून दिला होता. सेलिना पातेल्याजवळ उभी होती. तिने हातातला डाव खाली ठेवलासुद्धा नाही. तसाच धरून उभी राहिली, सूप टपटपत राहिलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही. माझ्याशीच नाही असं नव्हे, कुणाशीच नाही. फक्त सिस्टरशी. दोघी दार लावून बसतात.

आणि आता ऐक. काल पेपरात आलं: गरिबांच्या सेवेबद्दल सिस्टर बेनिग्नाला सरकारी पदक! सहा डिसेंबरला जिल्ह्याचे साहेब स्वतः येणार, नगरभवनात समारंभ, फोटोवाले, वाजंत्री. सरकार! ज्या सरकारने ननांना शाळांतून आणि इस्पितळांतून हाकलून काढलं, ते सरकार एका ननच्या छातीवर पदक लावणार. फुकटात? मी कॉलेज सोडलं असेल, पण बेरीज येते मला. तिघांना माहीत होतं. मी नाही. सेलिना सख्खी बहीण. राहिलं कोण? तू सोडून जगात चौथ्या माणसाला मी सांगितलेलं नाही, आणि तू बसलीस सहाशे किलोमीटरवर समुद्राकडे बघत.

रविवारी माणूस जातो, शनिवारी पदक येतं.

तू लिहिलं होतंस, तिच्याजवळची गोष्ट तिच्याजवळ राहत नाही. तुला काय माहीत आहे ते सगळं सांग. मी आता लहान नाही.

कायेतान

(अलोयझीकाका म्हणाले, "पोरा, एवढं दाबून नको लिहू, कागद फाटतो." त्यांना काय कळणार.)


मोर्स्का, १५ नोव्हेंबर

कायतुश,

सांगणार नव्हते. तू विचारलंस म्हणून सांगते.

एक्कावन्न साली ब्रोन्या आणि मी बरोबरच मठात गेलो. तेवीस वर्षांच्या होतो, डोक्यात वेड होतं. तिचं टिकलं. शिकाऊ मुलींना बाहेरून पत्र यायची बंदी होती. मला यायची. यानुशची, बोटीवरच्या मेकॅनिकची. हो, ज्याच्याशी पुढे लग्न केलं त्या तुझ्या काकाचीच. भाजीवाली आणून द्यायची. ते ठाऊक होतं फक्त ब्रोन्याला, कारण आमच्या गाद्या शेजारी शेजारी होत्या. एका सकाळी मदरनी मला बोलावलं, टेबलावर यानुशचं पत्र. दुपारी माझी पेटी फाटकाबाहेर होती. ब्रोन्या खिडकीतून बघत होती. खाली आली नाही.

बत्तीस वर्षं झाली. मी तिला ख्रिसमसला एक ओळ लिहिलेली नाही, तिनेही नाही.

मी काही म्हणत नाही. तुझा रोमान कसा पकडला गेला ते मला इथून कसं कळणार? मी फक्त झालेलं सांगितलं. माणसं बदलतात म्हणे. मी तरी बदललेली माणसं फार पाहिलेली नाहीत.

पण तू काही करू नकोस. ऐकतोयस ना? तुझं डोकं तुझ्या आजोबांवर गेलंय, आधी हात आणि मग विचार. मला अजून एका गोष्टीचा उलगडा करायचाय, तोवर गप्प बस. थांब.

मावशी


स्तारा हुता, २७ नोव्हेंबर

मावशी,

थांबलो नाही.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी कारखान्यातून एक पुठ्ठा आणला आणि त्यावर रंगाने लिहिलं: "जपून जेवा. इथल्या सूपला कान असतात." सकाळी दारूभट्टीच्या दाराला चिकटवला. कारखान्यातला डिंक, काच धरून ठेवतो. निघता निघत नाही.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुजबुजले. आता एकशेचाळीसमधले जेमतेम चाळीस येतात. ज्यांची माणसं आत आहेत त्या बायका तर फिरकतच नाहीत. म्हातारी गेनोवेफा तेवढी रोज पहिली. मी तिला म्हटलं, "आजी, वाचता येतं ना?" तर म्हणते, "कान असोत नाहीतर शेपूट, गरम आहे ना? मग सरक बाजूला."

सिस्टरने पुठ्ठा वाचला. एकदाच. मग दाराशेजारी मला बघून म्हणाली, "अक्षर छान आहे." बस! पुढे खुलासा नाही, रडणं नाही, शपथ नाही. तूच सांग, निर्दोष माणूस असं बोलतं का?

आणि सेलिना. मागच्या दारी तिने माझी कॉलर धरली.

"तू लावलास तो?"

"हो. तुझ्या भावासाठी."

"माझ्या भावासाठी काढ तो."

"का? ती काय देते तुला? काय सांगते दार लावून?"

"ते सांगता येत नाही."

"बघ! म्हणजे आहे काहीतरी."

"कायेतान, तुझ्या पाया पडते. सहा तारखेपर्यंत गप्प बस. दहा दिवस. तेवढे दहा दिवस झाले की मला शिव्या घाल, तिला घाल, कुणालाही घाल."

"सहा तारखेला काय आहे? तिच्या छातीवर पत्रा लागणार, एवढंच ना?"

तिने कॉलर सोडली. म्हणाली, "रोमानला दमा आहे. तिथे फरशीवर झोपवतात. तुला आहे का माहीत काही?" आणि आत गेली.

तिला पुरती भुरळ घातलीय गं. म्हणूनच आता सहा तारीख. नगरभवन भरलेलं असेल. साहेब पदक लावायला वाकले की मी उभा राहून विचारणार आहे, माणसामागे काय भाव पडला? फोटोवाल्यांसमोर. मग बघू हसते कशी.

कायेतान


मोर्स्का, २ डिसेंबर

कायतुश,

अलोयझीला वाघिणीत चढता चढता हे देते आहे. आधी शेवटपर्यंत वाच, मग पाय आपट.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी जाळलं. पाकीट जाळलं नाही. ते आलं त्याच दिवशी मला दिसलं होतं. पाकिटाची पट्टी वाफेने उघडून पुन्हा चिकटवली की कागद लाटेसारखा उठतो, कितीही इस्त्री केली तरी. एकतीस वर्षं मी पाकिटं हाताळलीत, अंधारातही सांगेन. म्हणून तर तुला टपालाने पाठवू नकोस म्हटलं. तिकिटांचं खोटं होतं.

मला वाटलं, तेवढ्यात भागेल. मग तू रोमानचं लिहिलंस आणि मी पाकीट पुन्हा काढलं, आणि तरीही तुला सांगितलं नाही. का, ते विचारशील. तू ब्रोन्याचं नाव घेतलंस आणि मला बरं वाटलं, म्हणून. ती तशीच आहे हे कुणीतरी दुसऱ्याने म्हणावं, असं बत्तीस वर्षं वाटत होतं. तुला तोंडाने थांब म्हणाले आणि हातात काडी दिली.

चौथा माणूस होता, कायतुश. पत्र उघडणारा.

त्या सभेत जाऊ नकोस. तो पुठ्ठा काढ. सेलिना सहा तारीख म्हणते आहे त्याला कारण असणार.

मावशी


स्तारा हुता, ५ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र मिळालं. हसलो.

पाकिटाची पट्टी उठली होती! आपल्या देशात डिंक कधी धड असतो? साबण फेसत नाही, काडी पेटत नाही आणि डिंकाने तेवढं चिकटायचं? पाकिटावर शिक्का होता असं तर तू लिहिलेलं नाहीस. उघडलं असतं तर शिक्का असता, तो त्यांचाच नियम आहे.

तुला एकदम तिची दया आली. का, ते कळतं मला. मैत्रीण शेवटी. की तुलाही कुणी भेटून गेलं? अलोयझीकाका माझं पत्र घेताना हल्ली दोनदा उलटसुलट बघतात, तेही माझ्या लक्षात आलंय.

उद्या सकाळी अकराला. मी पुढून तिसऱ्या ओळीत बसणार.

कायेतान


स्तारा हुता, १० डिसेंबर

ओटिलिया,

बत्तीस वर्षांनी तुझा पत्ता मला एका पोलिस अधिकाऱ्याच्या टेबलावर मिळाला. हे पत्र मासळीवाल्या गार्डच्या हाती देते आहे. ते येताजाता आमच्याकडे सूप पितात, भले गृहस्थ आहेत.

हे पदक मी दोनदा नाकारलं होतं, उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात. त्यांना परदेशी पेपरांत छापायला एक हसरी नन हवी होती. रोमानला नेलं त्या आठवड्यात मी स्वतःहून गेले आणि म्हटलं, घेते, हसतेही. नाताळच्या आदल्या संध्याकाळपूर्वी मुलगा घरी हवा. साहेबांनी विचार करायला तीन दिवस घेतले. अट त्यांचीही होती: समारंभ सुरळीत झाला पाहिजे, आणि सौद्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. सेलिनाला सांगावं लागलं, ती बहीण आहे. तेवढंच.

त्या बोलण्यात अधिकारी म्हणाला, "तुमच्या मेणाच्या खोलीचं आम्हाला तुमच्याच माणसाने कळवलं," आणि मजा म्हणून एका पत्राची नक्कल वाचून दाखवली. सही वाचली नाही, पण पत्ता तुझा होता, आणि तुझ्या बहिणीचा मुलगा आमच्या मागच्या दाराशी रोज उभा असतो. सेलिनाला मी हे सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

सहा तारखेला तुझा भाचा सभेत उभा राहिला. साहेबांच्या हातात पिन होती. तो ओरडला, "सिस्टर, एका माणसामागे काय भाव मिळाला?" सेलिनाचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, गेला तिचा भाऊ. मी मायक्रोफोनशी गेले. म्हटलं, "हा आमच्याकडचाच मुलगा. काल सूपमध्ये जव कमी पडला, माणसामागे दोनच चमचे आला, म्हणून चिडलाय. त्याचं खरं आहे. साहेब इथे आहेत, तर जवाचं एक पोतं वाढवून मागते." लोक हसले. साहेबही हसले, त्यांना हसावंच लागलं. पोतं मंजूर झालं. पदक टोचलं, जरा आतपर्यंत.

माझी एक विनंती आहे. पोराला पत्राचं कळू देऊ नकोस. तो एकवीस वर्षांचा आहे आणि त्याचे हात त्याच्या आधी धावतात. कळलं तर स्वतःचं काहीतरी करून बसेल. लोक म्हणतात ते माझ्याबद्दल म्हणू देत. पुठ्ठा पावसाने कधीतरी निघेल. वाईट एवढंच वाटतं की ज्यांना भूक आहे ते येत नाहीत. मी आणि सेलिना हंडी घेऊन घरोघर जातो आता.

आणि यानुशचं पत्र. तुला वाटतं मी सांगितलं. मी ते दोनदा गादीखाली आत सरकवलं होतं, ओटिलिया. दोन्ही वेळा सकाळी त्याचं टोक बाहेर होतं. तिसऱ्यांदा मी तसंच राहू दिलं. मला वाटलं, तुला ते कुणीतरी बघायला हवं आहे. खाली आले नाही, कारण रडू आलं असतं आणि तू राहिली असतीस.

सोबत ओप्लातेक पाठवते. नाताळच्या पापडीचा माझा कोपरा मोडून खाल्ला आहे. उरलेला तुझा.

बेनिग्ना


स्तारा हुता, २१ डिसेंबर

मावशी,

हे कसं लिहू ते कळत नाही, पण तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. लिहिण्याचीच मला भीती वाटते आता.

सोमवारी रोमान घरी आला. दुपारी, पायी, पायात दुसऱ्याच कुणाचे बूट. मी कारखान्यातून धावत गेलो. कोण कसं बघतंय याची पर्वा केली नाही. सेलिनाने दार उघडलं, आत येऊ दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तिनेच सांगितलं सगळं, पदक का घेतलं ते, सहा तारीख का ते. सरळ आवाजात, जसं दुकानात भाव सांगतात तसं. "तू ओरडलास तेव्हा मी रोमानला मेलेला धरला होता," म्हणाली. मी खुर्चीत बसून राहिलो. म्हटलं, चुकलो. मनात म्हटलं, पण मग सांगितलं कुणी? मावशी, तेव्हासुद्धा! तेव्हासुद्धा माझं डोकं सिस्टरभोवती घोटाळत होतं.

रोमान खोकत होता आणि दूध पीत होता. मधेच हसून म्हणाला, "एक सांग सेलिना, तू मला लहानपणी कधी राणी माशी म्हणायचीस का? की आई म्हणायची?"

"नाही. का?"

"ते माळ्यावर आले ना, तेव्हा तो पुढचा म्हणाला, 'उठा राणीसाहेब, मेणातून बाहेर या.' मग चौकशीतही तेच. राणी माशी इकडे, राणी माशी तिकडे. मला वाटलं, घरातलं काहीतरी त्यांना कळलंय."

सेलिनाने खांदे उडवले. "त्यांना मेणाची खोली दिसली असेल. सुचलं असेल."

माझे हात मांडीवर होते. ते माझे वाटेनात.

मी तो शब्द एकदाच लिहिला, मावशी. जगात एकदाच. तुला. पाकिटावर तिकीट मी लावलं, पेटीत मी टाकलं, आणि शिट्टी वाजवत घरी आलो. पकडून देणारा मी. तिसरा मी, असं मिरवलं होतं ना तुला? तू डिंकाचं लिहिलंस तर मी तुझ्यावरच उलटलो. अलोयझीकाकांवरही संशय घेतला. सगळ्या गावावर घेतला, एक माणूस सोडून.

काल दारूभट्टीत गेलो. सिस्टर कांदा चिरत होत्या. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"कुणी कळवलं ते."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मला एवढं माहीत आहे की शंभर बटाटे सोलायचेत आणि सेलिना भावाजवळ आहे." सुरी पुढे केली. मी सोलले. निघताना म्हणाल्या, "तिला सांगायलाच हवं असं नाही. मी कधी सांगणार नाही."

तर आता हे असं आहे. सेलिनाला माहीत नाही. रोमानला माहीत नाही. सिस्टर गप्प राहतील. तू गप्प राहशील. मी गप्प राहिलो तर सहा महिन्यांत सेलिनाचा राग उतरेल, सभेचं ती विसरेल, कदाचित हसेलही. सांगितलं तर ती कायमची गेली. आणि इकडे माझा पुठ्ठा अजून दारावर आहे, आणि लोक तो वाचून सिस्टरला बघून रस्ता ओलांडतात.

काय करू? लवकर सांग. शनिवारी नाताळची आदली संध्याकाळ येते आहे.

कायतुश


तार
मोर्स्का, २३ डिसेंबर, ९.४०

स्वतः सांग. टोक मीच बाहेर ठेवलं होतं, ब्रोन्याला म्हणावं. मावशी


पोस्टकार्ड
स्तारा हुता, २८ डिसेंबर १९८३

प्रिय मावशी,

मुद्दाम कार्ड लिहितोय. पाकीट नको, डिंक नको, अलोयझीकाकांना त्रास नको.

तुझा निरोप सिस्टरना दिला. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं," आणि मग बराच वेळ कांदा नसताना डोळे पुसत होत्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसल्यावर, सेलिनाचं दार वाजवलं. टेबलावर आपल्याकडे असतं तसं एक ताट जास्तीचं होतं, न बोलावता येणाऱ्या माणसासाठी. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. पत्र, तारीख, राणी माशी, सगळं. रोमान आधी हसला. मग थांबला. सेलिना म्हणाली, "आलेल्याला आज परत पाठवायचं नसतं. जेवायला घालायचं, एवढीच रीत आहे. बोलायचं अशी रीत नाही." आणि त्या जास्तीच्या ताटात बीटचं सूप वाढलं.

ओप्लातेक हातोहात फिरली. रोमानने माझ्यापुढे धरली, मी कोपरा मोडला. सेलिनाने धरली नाही. पण ताटही उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा खरवडायला गेलो. डिंक चांगला निघाला, दाराच्या लाकडासकट सुटला. त्या जागी नवा लावलाय: "इथल्या सूपला कान नव्हते. तोंड माझं होतं." खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. काल रांगेत छपन्न माणसं होती, आज त्र्याऐंशी. गेनोवेफा म्हणाली, "पोरा, तुझं अक्षर छान आहे, पण एकदाचं काहीतरी आनंदाचं लिही की." काही बायका माझ्या पायापाशी थुंकतात. बरोबर आहे. मी बटाटे सोलतो. सेलिना पातेल्यापाशी असते, मी दाराशी, मध्ये एक मोठं टेबल.

मधे बसून हे कार्ड वाचणाऱ्या साहेबांनाही नाताळच्या शुभेच्छा. यात तुमच्या कामाचं काही नाही. जवाचं पोतं अजून आलेलं नाही, तेवढं बघा.

तुझा,
कायेतान